कॉलनीची पहिली दाढी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, धंद्याने न्हावी आणि स्वभावाने हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. पुलाच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे कॉलनी. वस्तीत दाजींचं सलून बरं चाललं होतं. ते त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं आणि कॉलनीच्या तोंडाशी एक गाळा भाड्याने घेतला. ताईने अबोलाच धरला.

"अख्ख्या कॉलनीत एक सलून नाही," दाजी म्हणाले. "लोक गाडी काढून लांब जातात. डोकी आहेत, डोक्यावर केस आहेत. मग येणार नाहीत तर जातील कुठे?"

मी त्यांची एकुलती एक मेहुणी. कपडे दुरुस्त करून देते. अर्धा गाळा मी माझ्या शिलाई मशीनसाठी मागून घेतला. दाजी बुडणार हे मला दिसत होतं, आणि बुडणाऱ्याजवळ घरचं माणूस असावं. गाळेमालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कॉलनीची कुरकुर आली तर गाळा रिकामा करावा लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

खरं सांगते, पहिल्या दिवशी कॉलनीतून एकटी चालले तेव्हा मीच भेदरले होते. उंच भिंती, बंद फाटकं, फाटकाआड भुंकणारे कुत्रे, खांबाखांबावर कॅमेरे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटेत पडले तर उचलणार कोण? आमच्याकडे रस्त्यावर माणूस दिसला नाही की भीती वाटते, त्यांच्याकडे दिसला की. आणि आम्ही तरी काय मोठे शहाणे! चकचकीत बूट घातलेला कुणी फाईल घेऊन वस्तीत शिरला की घर पाडायलाच आला असं धरून बाया दारात उभ्या राहतात. एकदा बिचारा एक विमा विकणारा आला होता. त्याला पाणी न विचारता परत पाठवला.

तर सलून उघडलं. माझ्याकडे कपडे येऊ लागले. कपड्यालाही गळा असतो, पण तो कापला तर रक्त येत नाही. दाजींकडे मात्र माणसं बिचकत यायची. केस कापून घ्यायची, तेही आरशातून दाजींच्या हातावर डोळा ठेवून. दाढीचं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, "नको, घरीच करतो." पुलापलीकडच्या माणसाच्या हातात वस्तरा आणि त्याखाली आपला गळा, हे काही कॉलनीला पचेना.

दाजींच्या ते जिव्हारी लागायचं. वस्तीत म्हातारे-कोतारे त्यांच्याकडूनच दाढी करून घ्यायचे. इथे त्यांचा वस्तरा फळीवर पडून होता. शेवटी त्यांनी ठरवलं, माणसांना आपलंसं करायचं. आता वस्तीत माणूस आपलंसं करायचं म्हणजे चौकशी करायची. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की दाजी सुरू व्हायचे.

"घरी कोण कोण असतं, साहेब?"

"वहिनी नोकरी करतात? मग दिवसभर घर बंदच की!"

"संध्याकाळी यायला उशीर होतो का तुम्हाला?"

मी मशीनवरून खुणा करून थकले. आमच्याकडे याला माया म्हणतात. कॉलनीत याला टेहळणी म्हणतात. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

व्हायचं तेच झालं. कॉलनीचे अध्यक्ष दाराशी येऊन उभे राहिले. उंच, ताठ, नोकरीतून निवृत्त झालेले, पण हुकूम सोडायची सवय सुटलेली नाही. आत पाऊल टाकलं नाही.

"तुम्ही लोकांच्या येण्या-जाण्याच्या वेळा विचारता?"

"सहज विचारतो, साहेब. ओळख व्हावी म्हणून."

"आमच्याकडे अशा ओळखी होत नाहीत. रविवारी संध्याकाळी सभा आहे. हा गाळा रिकामा करून घ्यावा असा ठराव मी मांडतोय."

ते गेल्यावर माझा तोल सुटला. "साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं ही! आणि दाजी, तुम्हाला तरी नसत्या पंचायती कुणी सांगितल्या होत्या?"

दाजी पडेल चेहऱ्याने म्हणाले, "विचारलं नाही तर माणूस कळायचा कसा, मेहुणीबाई?"

परत जायला जागा नव्हती, कारण जुनं सलून आता पुतण्याचं होतं. दिलेलं परत मागणं दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

रविवार उजाडला. दुपारी दार उघडलं आणि साक्षात अध्यक्ष आत आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, गालावर पांढरे खुंट, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं होतं. डाव्या हाताने दाढी जमेना, गाडी चालवता येईना, आणि संध्याकाळी तर सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं.

"दाढी," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दाजींनी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तऱ्याला नवं पातं लावलं, फेस केला, ब्रश फिरवला. अध्यक्ष डोळे ताणून वस्तऱ्याकडे बघत होते. इतकी शांतता असह्य होऊन शेवटी तेच बोलले.

"तुम्ही राहता कुठे?"

"पुलावरून उतरलं की डाव्या हाताची दुसरी गल्ली. निळं दार."

"घरी कोण असतं?"

"बायको. ती दुपारी कामाला जाते. दोन मुली, त्या शाळेत. दुपारभर घरात कुणी नसतं."

"मग घर?"

"किल्ली दाराबाहेरच्या बादलीखाली असते."

अध्यक्षांच्या भुवया फेसाच्या वर चढल्या. "हे असं परक्याला सांगता?"

दाजींनी वस्तरा थांबवला. "साहेब, तुमचा गळा माझ्या हातात आहे. माझं घर तुमच्या हातात दिलं. फिटंफाट झाली."

मी दोरा तोडायचा विसरले. अध्यक्षांनी आरशातून दाजींना नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "आणि मी गेलोच तिथे, तर?"

"तर समोरची म्हातारी विचारेल, कोण हवंय? माझं नाव सांगा. ती चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. तिचा चहा मात्र भयंकर असतो."

अध्यक्ष हसले. दाजी ओरडले, "हलू नका!" आणि अध्यक्ष, जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडत आलेले, मुकाट्याने स्थिर झाले.

वस्तरा पुन्हा चालू लागला. एक गाल झाला, दुसरा झाला. दाजींनी हनुवटी वर केली आणि गळ्याला हात घातला. मला वाटलं, आता ते डोळे फाडून बघतील. बघितलं तर डोळे मिटलेले. थोड्या वेळाने एक बारीक आवाज आला. मग मोठा. अध्यक्ष घोरत होते. दाजींनी हलक्या हाताने दाढी संपवली, फेस पुसला, आणि त्यांना उठवलं नाही.

सभेची वेळ झाली तशी कॉलनीची माणसं त्यांना शोधत निघाली, आणि एकेक करून आमच्या काचेपाशी थबकली. आत त्यांचा अध्यक्ष मान मागे टाकून झोपलेला, गळा उघडा, आणि बाजूला वस्तरा पुसत उभे आमचे दाजी. खजिनदारांनी घाईघाईने दार ढकललं. दाजींनी ओठांवर बोट ठेवलं.

मागून अध्यक्षांच्या पत्नी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"उठवू नका," त्या हळूच म्हणाल्या. "घरी झोपतच नाहीत हो. रात्रभर उठून कड्या तपासत फिरतात. कित्येक वर्षं झाली, मी यांना असं झोपलेलं बघितलेलं नाही."

एवढी माणसं, पण सगळी चपला वाजू न देता आत आली आणि बाकावर दाटीवाटीने बसली. ज्यांना जागा नव्हती ती भिंतीला टेकली. माझ्या मशीनशेजारीसुद्धा दोघे उभे होते. मला त्या माणसांची तेव्हा पहिल्यांदा दया आली. इतकी कुलपं, इतके कॅमेरे, आणि डोळ्याला डोळा नाही.

अध्यक्ष जागे झाले. समोर आरशात अख्खी सभा. क्षणभर गडबडले. मग डाव्या हाताने गाल चाचपले, गळा चाचपला, आणि खुर्चीतून सावकाश उठले.

"साहेब," खजिनदारांनी विचारलं, "तो ठराव?"

"कसला ठराव?" अध्यक्ष खेकसले. "मी परवा पुन्हा दाढीला येणार आहे. गाळा रिकामा झाला तर तू करणार आहेस का माझी दाढी?"

सगळे हसले. मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं, लोकांसमोर, लहान पोरीसारखं. तेवढ्यात खजिनदार पुढे झाले. स्वतःच्या हाताने कॉलरचं बटण काढलं, खुर्चीत बसले, आणि मान मागे टाकली.

दाजी मात्र रडले नाहीत. त्यांनी ताठ उभं राहून वस्तऱ्याला नवं पातं लावलं, आणि पुलापलीकडे ताईलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यांच्यानंतर नंबर कुणाचा?"