गादीची राखण

मी आता राहते त्या धुळ्यात जुन्या गावातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. दुकान बंद पडलं, मालक बदलला, इमारत पाडली, तरी गल्ली नंबर पाच ही पाचच राहते आणि पाहुणा बरोबर घरी पोचतो. जळगावचं तसं नाही. निदान माझ्या मायच्या जळगावचं तरी नाही. तिथे पत्ता म्हणजे दुकान. टोपीवाल्याच्या पुढे, दोरवाल्याच्या अलीकडे, घड्याळवाल्याच्या समोर. ही तिन्ही दुकानं जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मायच्या बोलण्यात ती अजून उघडी आहेत.

गेल्या हिवाळ्यात जळगावहून भावाचा फोन आला. घरात नवा पलंग आला होता, त्यावर फोमची गादी आली होती आणि मायची जुनी कापसाची गादी काढून टाकायची ठरली होती. माय भांडली नव्हती. ती भांडली असती तर भावाला सोपं गेलं असतं. तिने एवढंच सांगितलं होतं, की गादी आधी पिंजून आणा, मग काय करायचं ते करा. आणि पिंजायला ती स्वतः बरोबर येणार. भावाला दुकान सांभाळून हे जमणारं नव्हतं, म्हणून मला बोलावणं.

त्या गादीचा आग्रह मला कळत होता. त्यात मायच्या माहेरचा कापूस आहे, भडगावजवळच्या गिरणाकाठच्या शेतातला. लग्नात आजोबांनी तो घरच्या कापसातून निवडून दिला होता. पुढे मामांच्या वाटण्या झाल्या, शेत विकलं गेलं, आता तिथे कुणाचीतरी केळी उभी आहेत. म्हणजे त्या शेताचं आता जगात काही उरलं असेल तर ते भावाच्या घरात, पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीत. गादी भंगारात गेली की तेही गेलं. म्हणून मी रजा टाकली आणि सकाळची बस धरली.

बसमध्ये मला जळगावची पिंजाऱ्याची गल्ली आठवत होती. दिवाळी झाली, की दोन-तीन वर्षांनी एकदा आमची गादी पिंजायला जायची. आमच्या खानदेशात कापूस पिंजाऱ्याकडे देऊन घरी निघून येण्याची पद्धत नव्हती. घरच्या कुणीतरी तिथे बसून राखण करायची. नाहीतर पिंजारी तुमचा लांब धाग्याचा कापूस काढून घेईल आणि खोळीत जिनिंगमधला कचरा भरेल, असा बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या बायकांचा ठाम समज. म्हणजे पिंजाऱ्यावर विश्वास नव्हता असंही नाही. त्याला भाऊ म्हणायचं, त्याच्या घरची खुशाली विचारायची, आपल्या डब्यातली भाकरी त्याला द्यायची, आणि नजर मात्र कापसावर ठेवायची. तोही मायला अक्का म्हणायचा, बसायची फळी झटकून द्यायचा आणि निवांत कामाला लागायचा. या सगळ्यात त्याला अपमान वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

दुकान म्हणजे एक काळोखी खोली आणि बाहेर ही फळी. आत छताला टांगलेलं पिंजण, त्याची तार, तारेवर पडणारा लाकडी ठोकळा. तो आवाज सुरू झाला, की बोलणं थोडं वरच्या पट्टीत करावं लागायचं. कापूस उडायचा. संध्याकाळपर्यंत माय आणि मी दोघी पांढऱ्या व्हायचो.

मला फळीवरून समोरची दुकानं बघायला मिळत. टोपीवाल्याकडे लाकडी डोकी मांडलेली असत आणि त्यांवर ओल्या टोप्या चढवलेल्या. तो गावभरच्या डोक्यांची मापं घ्यायचा आणि स्वतः बोडका बसायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. शेजारी दोरवाला. कासरे, वेसणी, चऱ्हाटं, पोळ्याच्या आधी बैलांचे गोंडे. त्याच्या दुकानाला अंबाडीचा वास होता. पलीकडे घड्याळवाला. त्याच्या भिंतीवरची घड्याळं सगळी चालू असत आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. विचारलं, की म्हणायचा ही दुरुस्त झालेली आहेत. कोपऱ्यावर गोटी सोडा. बाटलीतली गोटी आत ढकलली जाताना होणारा आवाज ऐकला, की मी मायकडे बघायचे आणि माय कापसाकडे बघायची.

मायचं त्या दिवशीचं बसणं वेगळं असायचं, एवढं मला तेव्हाही दिसे. घरी ती बसलेली आठवत नाही. पोळपाटापुढे बसायची, निवडायला बसायची, पण नुसती नाही. इथे ती पाय लांब करून, भिंतीला पाठ लावून बसे. दुपारी डबा उघडे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हाक मारी. मधूनच पिंजाऱ्याला बजावे, की कापूस आमचाच आहे ना, बघा बरं. तो मान हलवी आणि ती पुन्हा रस्त्याकडे बघत बसे. राखणदार म्हणून तिला कुणी ठेवली नसती.

जळगावला पोचले तर माय तयार होती. इस्त्रीची साडी, चपला पुसलेल्या, पिशवीत डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली. वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की मायने पहाटेच उठून भाकरी केल्या, मला हात लावू दिला नाही. रिक्षाच्या टपावर गादी बांधली आणि आम्ही निघालो.

रिक्षावाला तरुण होता. मायने त्याला टोपीवाल्याच्या पुढे घ्यायला सांगितलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाजाराचं नाव सांगितलं. मायला ते आवडलं नाही, कारण बाजार केवढा आणि टोपीवाला नेमका.

गल्ली जागेवर होती, दुकानं नव्हती. दोरवाल्याच्या जागी चष्म्यांचं दुकान. टोपीवाला आणि घड्याळवाला मिळून एक काचेचं मोठं कपड्यांचं दुकान झालेलं. सोड्याच्या कोपऱ्यावर पैसे काढायचं यंत्र. आणि पिंजाऱ्याच्या काळोख्या खोलीत आता इतका उजेड होता, की डोळे दिपावेत. मोबाइलची कव्हरं टांगली होती, छतापासून खालपर्यंत. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मी वर्षातून चारदा जळगावला येते, पण या गल्लीत पाय ठेवला नव्हता.

काउंटरवरच्या मुलीला पिंजारी माहीत नव्हता. चहावाल्याला माहीत होता. त्याने सांगितलं, की म्हातारा वारला, नातवाने हायवेला मशीन टाकलं आहे. माय गल्लीकडे बघत उभी होती. मी तिला पुन्हा रिक्षात बसवलं.

नातू भला माणूस होता. आजोबांची ओळख सांगताच त्याने हातातलं काम थांबवून आमची गादी घेतली. खोळ उसवली. आतला कापूस पिवळसर, गोळे झालेला. मायने एक गोळा उचलून बोटांनी उकलला, धागा ओढून बघितला आणि परत ठेवला. मग तिने बसायला जागा शोधली. शेडमध्ये जागा नव्हती. मशीन, पोती आणि धूळ. नातवाने एक खुर्ची आणून दिली. माय बसली, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली.

एका बाजूने कापूस आत गेला आणि दुसऱ्या बाजूने फुलून बाहेर आला. खोळ भरली. टाके घालायला दोन कारागीर बसले. मी भावाला फोन करून येईपर्यंत गादी गुंडाळून तयार होती.

"इतलामा व्हई गयं?" मायने विचारलं.

नातू अभिमानाने म्हणाला, हो, झालंसुद्धा. मायने त्याला आशीर्वाद दिला आणि उठली. पिशवीतला डबा तसाच होता.

आम्ही परत रिक्षात बसलो. मी तिला चिडवलं, की बघ, तुझा कापूस कुणी चोरला नाही, एवढी वर्षं उगाच पिंजाऱ्यावर डोळा ठेवलास. तिने बाहेर बघतच उत्तर दिलं.

"कापूस कोन चोरस वं? पन दिनभर घरना बाहेर बठाले कायतरी कारन लागे ना. बजारमा बाईले बठाले दुसरी जागा कोठे व्हती?"

 बाजारात बाईने उभं राहायचं, भाव विचारायचा, घ्यायचं आणि घरी यायचं. देवळात गेली तरी सासू घड्याळ बघायची. पण गादीची राखण म्हटल्यावर सासूनेच डबा बांधून द्यावा, असं ते काम होतं. माझी माय कापसासाठी हट्ट धरून बसली आहे, असं मी धुळ्यापासून समजत आले होते. तिला तो दिवस हवा होता. आणि तो मशीनने केव्हाच उरकून टाकला होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

रिक्षावाल्याला मी गल्लीकडे वळायला सांगितलं. तिथे आम्ही उतरलो आणि गादी त्याच्याबरोबर घरी पाठवून दिली. नव्या पलंगावर फोम काढून तीच घालायची, असं भावाला फोनवर सांगितलं. माझा आवाज ऐकून त्याने वाद घातला नाही.

कव्हरांच्या दुकानाला बाहेर एक पायरी होती. माय तिथे बसली. पाय लांब केले, पाठ टेकली, डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. आतून ती मुलगी बाहेर आली. आम्हाला उठवते की काय असं मला वाटलं. पण तिने वाकून एवढंच विचारलं, की आजी, काय पाहिजे?

"काही नको, माय," माय म्हणाली. "गादी पिंजाले देयेल शे. व्हई जास तवलोंग बठस."