तांब्यावरचा अंगठा

आमच्या मामाला ओळखीचे लोक 'घासूनका' म्हणतात. घराच्या मागच्या खोलीत तो संग्राहकांची जुनी नाणी साफ करतो आणि दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला बजावतो, "काहीही करा, पण घासू नका!" लिंबू, टूथपेस्ट, राख यांचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरतं. घासलं की नाण्याचा जुना रंग जातो, आणि तो काही परत येत नाही. त्याची पद्धत भलतीच कंटाळवाणी आहे. नाणं कडेने धरायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं, रोज पाणी बदलायचं, मळ आपणहून सुटेपर्यंत वाट पाहायची आणि मऊ कापडाने नुसतं टिपायचं. नाण्यांच्या बाबतीत इतका धीराचा माणूस मी पाहिला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदच होता.

तीस वर्षांपूर्वी टेबल पुसताना मामीने एक तांब्याचं नाणं उघड्या बोटांनी उचललं. "किती सुंदर आहे हो," एवढंच म्हणाली. मामा असा खेकसला की शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. घामाने तांबं डागाळतं, कबूल. पण म्हणून बायकोला "चालती हो" म्हणायचं?

मामी चालती झाली. संसार नीट केला, हसली-बोलली, पण त्या खोलीत पुन्हा आली नाही. चहासुद्धा उंबऱ्यावरून द्यायची. मामाने ते नाणं रागाने डबीत टाकलं, ते टाकलंच. "आत ये" हे शब्द रोज जिभेवर येऊन परत जायचे, असं त्याने मला गेल्या वर्षी मामी वारल्यावर सांगितलं. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

गेल्या महिन्यात त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, हेडमास्तर, आले. त्यांच्या संचात नेमकं तेच नाणं कमी होतं. मामाने शब्द दिला.

डबीतला स्पंज कुजून नाण्याला गोंदासारखा चिकटला होता. तो ॲसिटोनमध्ये सुटला. उरलेला मळ निघायला नऊ दिवस पाण्यात गेले. दहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर मामा भिंग धरून बसलेला. मी वाकून पाहिलं. नाण्यावरच्या राजाच्या गालावर अंगठ्याचा काळसर ठसा उमटला होता, रेघ न् रेघ स्पष्ट, आणि मधून एक तिरपी चीर. भाजी चिरताना मामीचा अंगठा कापला होता, त्याचाच हा वण. त्या दिवशी ठसा दिसला नव्हता. घाम तांब्यात सावकाश उतरतो.

"वर्षभर शोधतोय गं तिला," मामा म्हणाला. "कपाटात, कपड्यांत, फोटोंत. कुठेच हाताला लागत नव्हती." आणि माझ्यासमोर तो ढसाढसा रडला.

संध्याकाळी हेडमास्तर आले. भिंगातून बघत म्हणाले, "झकास! तेवढा हा डाग... एकदाच हलका हात मारा की. कोण बघतंय?"

"घासू नका," मामा म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही, हात जोडून. "मास्तर, शब्द मोडतोय. हे मला देता यायचं नाही."

मास्तर नाणं टेबलावर ठेवून निघून गेले. बहुतेक परत येणार नाहीत.

मी कप उचलायला लागले. मामाने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची पुसली, टेबलाशी ओढली आणि दाराकडे बघितलं.

"आत ये," तो म्हणाला.

मी तर केव्हाची आतच उभी होते.