गेममधला उंच ओटा

ऑफिसात तिला सगळे ‘फौजदार’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. असल्या गोष्टी माहीत करून घेणं हा तिचा स्वभाव होता, आणि नोकरीही तीच. ती एका लहानशा कंपनीत काम करायची. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची आणि ही त्यातल्या चुका हुडकायची. दार उघडतं, पण पुन्हा लागतं का? भिंत अडवते, की माणूस आरपार जातो? जे नीट चाललेलं दिसे, त्यावर तिचा सगळ्यांत कमी भरवसा.

त्या वर्षी मालकीणबाईंच्या डोक्यात एक घर आलं. घरातली माणसं कुठेशी निघून गेलीत. खेळणाऱ्याने खोल्याखोल्यांतून हिंडायचं, वस्तू उचलून बघायच्या आणि इथे कोण राहत होतं ते ओळखायचं. आधी कागदावर नुसत्या रेघोट्या होत्या. मग स्क्रीनवर करडे ठोकळे आले, हा पलंग, हे कपाट, असं समजून घ्यायचं. फौजदार त्या ठोकळ्यांना महिनोन्महिने धडका देत फिरली. मागोमाग कंपनीचा चित्रकार, ज्याला सगळे रंगारी म्हणत, एकेक खोली रंगवत गेला. गेम बाजारात आणायची तारीख जाहीर झाली, तेव्हा फक्त स्वयंपाकघर करडं राहिलं होतं.

एका सकाळी तेही रंगून आलं. तिने नेहमीसारखं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

पांढऱ्या फरशांच्या भिंतीत नळामागे एकच हिरवी फरशी. खिडकीचा वाकलेला गज. आणि गेममधल्या माणसाच्या छातीला लागेल इतका उंच ओटा. तिची आई चांगली उंच होती, बाबांपेक्षाही. ओटा तिच्या मापाचा बांधून घेतला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि तिचं स्वयंपाकघर, जसंच्या तसं, इथे?

ती रंगाऱ्यापाशी गेली. “हे कुठून आणलंस?”

“असंच सुचलं, ताई,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

सुचलं म्हणे! हिरवी फरशी सुचते कुणाला? तिच्या फोनमध्ये त्या स्वयंपाकघराचे फोटो होते, आणि फोन कितीदा तरी याच्या टेबलावर चार्जिंगला असायचा. तिने त्याच दिवशी पासवर्ड बदलला. रंगारी कुणाशी बोलतो, ती गेल्यावर फोनवर काय कुजबुजतो, यावर तिचे कान टवकारलेले राहू लागले. एकदा तिने त्याला “नाही, ताईंना कळलेलं नाही,” म्हणताना ऐकलं आणि सरळ मालकीणबाईंच्या खोलीत शिरली.

मालकीणबाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. “फोटो चोरलेस?”

“नाही.”

“मग आलं कुठून?”

“नवीन करून देतो,” तो म्हणाला. आणि खरंच त्याने चार दिवस मान खाली घालून दुसरंच एक चकाचक स्वयंपाकघर करून दिलं. फौजदाराची शंका आणखी बळावली. खरा असता तर भांडला नसता का?

बाबांचंही काहीतरी बिनसलं होतं. ती भेटायला गेली की हल्ली ते तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देत नसत. “तू बस गं, चहा मी आणतो.” त्यांच्या कोपराला पट्टी होती. विचारलं तर म्हणाले, “दार लागलं.” कुठेतरी पाणी मुरत होतं.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती न कळवता गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून ओळखीचा आवाज आला. ओट्याशी रंगारी वाकला होता, हातात मापाची टेप. शेजारी स्टुलावर बाबा.

“हा इथे काय करतोय?”

“माप घेतोय,” बाबा म्हणाले. “मीच बोलावलंय.”

“तुम्ही याला ओळखता?”

“तुझा चष्मा द्यायला ऑफिसात आलो होतो ना, तू मीटिंगमध्ये होतीस. यानेच चहा पाजला, गेममधलं घर दाखवलं. मी म्हटलं, तुझ्या या घरात कुणी राहिल्यासारखं वाटत नाही. माझं येऊन बघ.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

बाबा स्टुलावरून हळूच उतरले. “मला ओटा खाली घ्यायचाय, त्याचंच माप. या स्टुलावर चढून कांदा परततो मी. मागे एकदा पडलो.”

“पडलात? दार लागलं म्हणालात!”

“खरं सांगितलं असतं, तर ओटा राहिला असता जागच्या जागी आणि तू मलाच उचलून तुझ्या घरी नेलं असतंस. तूच म्हणालीस ना, आईच्या स्वयंपाकघराला हात लावायचा नाही. म्हटलं, आधी हा सगळं चित्रात नीट उतरवून घेऊ दे. कुठेतरी राहील. मग फोडू.”

ती रंगाऱ्याकडे वळली. “तू का नाही बोललास?”

“काकांना शब्द दिला होता.”

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर, मालकीणबाईंना आणि रंगाऱ्याला, चूक आपलीच होती असं सांगितलं. पण गेम तोवर विक्रीसाठी रवाना झाला होता, आता बदल शक्य नव्हता. चकाचक स्वयंपाकघरासकट तो बाजारात आला आणि बेताचा चालला. एका खेळणाऱ्याने लिहिलं, “घर आवडलं, स्वयंपाकघर मात्र दुकानातलं वाटतं.” तिने ते पुन्हापुन्हा वाचलं.

पुढच्या सुधारित आवृत्तीसाठी तिने मालकीणबाईंच्या मागे टुमणं लावलं आणि जुनं स्वयंपाकघर परत आलं. ते तपासायचं काम तिचंच होतं. नळ, गज, फरशी सगळं बघून तिने काहीही चूक नाही असं लिहिलं, आणि मग ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

बाबांचा ओटा आता खाली आलाय. रंगारी अजून त्यांच्याकडे जातो. परवा ती गेली, तर दोघं डोकी जोडून बोलत होते, आणि तिला बघताच गप्प झाले.

“काय चाललंय?” तिने विचारलं.

“कुठे काय,” बाबा म्हणाले.

तिच्या मनात पाल चुकचुकलीच. पण तिने पर्स खुंटीला अडकवली, आणि आपण ऐकत नाही हे त्या दोघांना कळेल अशा बेताने भांड्यांचा आवाज करत चहा टाकायला गेली.