पल्लवीची पात

पौडच्या कॉलेजात हेमलता शेडगे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. सतरा वर्षं परीक्षानळ्या धुऊन बोटांची टोकं कायमची पिवळट झालेली. मुलंमुली तिला मावशी म्हणत.

गेल्या जुलैत प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. कॉलेजात पहिल्यांदाच मुलींचा फुटबॉल संघ निघाला होता. मुलींबरोबर बाहेर जायला कुणीतरी बाईमाणूस हवं असा नियम, आणि शनिवारी एकही प्राध्यापिका मोकळी नव्हती.

"सर, मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळायचंय काय? नुसतं बरोबर जायचं."

पण नुसतं बरोबर जाणं हेमलताच्या स्वभावात नव्हतं. पुण्यातल्या पहिल्याच सामन्यात पोरींवर अकरा गोल बसले. सोमवारी हेमलतानं भुकूमच्या अपेक्षाला, म्हणजे कप्तानाला, प्रयोगशाळेत गाठलं. "ते ऑफसाइड का काय, ते मला नीट सांग." अपेक्षानं टेबलावर औषधांच्या बाटल्या मांडून तिला खेळ समजावला. पुढच्या शनिवारी हेमलता रेषेबाहेर उभी राहून एकेकीला नावानं हाका मारत होती. "गौरे, मागं ये! गोलातलीला एकटीला सोडू नका!"

तरी आठ गोल बसले. त्याच्या पुढच्या खेपेला नऊ. मग मात्र दोघीतिघींनी बूट काढून पिशवीत कोंबले. "आमी न्हाई येनार आता. लोकं हसत्यात."

हेमलतानं उपदेश केला नाही. "नका येऊ," ती म्हणाली. "मी सोमवारी साडेसहाला मैदानावर हाय. एकटीच चेंडू घेऊन उभी राहीन. मग मला हसू देत."

सोमवारी साडेसहाला सगळ्या हजर होत्या.

गोलात उभी राहायची पल्लवी. कोळवणच्या वर, डोंगराच्या कुशीत कातकरी वाडी आहे, तिथली. त्या वाडीतून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. अंगानं किरकोळ, पण चेंडूवर झेप घेताना जमिनीची पर्वा करायची नाही. तिच्यामुळं नऊचे सात झाले, पाचव्या सामन्यात साताचे पाच. हरत होत्या, पण आता हरताना माना खाली जात नव्हत्या.

सहाव्या सामन्याच्या दोन दिवस आधी पल्लवी प्रयोगशाळेच्या दारात आली. हातात धुऊन घडी केलेला खेळाचा शर्ट.

"मावशी, शनवारी दुसरी कुनीतरी उभी करा."

तिच्या आईच्या, फुलाबाईच्या पायाला विळा लागला होता. घरच्या चौघांनी नथू शेतकऱ्याचं भात कापायची बोली केलेली. आभाळ भरून येत होतं आणि नथूला घाई होती. एक माणूस जरी कमी पडलं तरी तो दुसरी टोळी आणणार, आणि हंगामाचं काम हातचं जाणार.

हेमलता संध्याकाळी तिच्याबरोबरच वाडीवर गेली. फुलाबाई पायाला फडकं बांधून दारात बसली होती.

"पोरीला शनवारी खेळू द्या," हेमलता म्हणाली. "तिची पात मी धरते, तिच्या वाट्याची ओळ मी कापते."

फुलाबाईनं तिच्याकडं वर-खाली पाहिलं. "तुमी? आमच्यात? लोकाच्या वावरात?"

"भात माझ्या घरी पन हाय, फुलाबाई. कापता येतं मला."

घरी नवरा कैलास एवढंच म्हणाला, "आपलं भात आडवं पडलंय, ते कोन कापनार?"

"आपलं रविवारी." पोरींबरोबर जायला तिनं ग्रंथालयातल्या बाईंना गळ घातली.

शनिवारी सकाळी बांधावर तिला बघून नथू गडबडला. "वैनी! अवो, हे बरं दिसतंय का? बसा तुमी, मी च्या सांगतो."

"च्या नंतर. कुटली पात?"

पल्लवीचा बाप मंगळ्या, भाऊ विकास, चुलती आणि हेमलता, असे चौघं ओळीनं बसले. पहिल्या तासाभरात तिची पात मागं पडली. विकासनं आपल्या पातीसोबत तिच्यातलंही थोडं कापून घेतलं. दुपारी भाकरी सोडली तेव्हा चुलतीनं चटणी आधी तिच्या हातावर घातली. बांधावरून जाणारे येणारे थांबून बघत होते. हेमलतानं मान वर केली नाही, कारण केली असती तर कंबर पुन्हा वाकली नसती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. पल्लवी धापा टाकत बोलत होती.

"मावशी, हरलो. पन दोनच झाले! दोनच!"

हेमलता मटकन भाऱ्यावर बसली. मंगळ्यानं विचारलं, "जितली व्हय?"

"न्हाई, हरली. पन लई अडवले तिनं. लई."

मंगळ्यानं हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिचं खेळनं बघाया येऊ का एकदा?"

शेवटचा सामना पौडलाच होता. मंगळ्या आला, पाय ओढत फुलाबाईही आली. "धर, पल्ले, धर!" ती अशी ओरडत होती, की पाहुण्या संघाच्या पोरीही वळून बघायला लागल्या. तीन गोल खाल्ल्यावर अपेक्षानं एक गोल केला. सबंध हंगामातला तेवढाच. अकराजणी एकमेकींवर अशा कोसळल्या, की पंचाला शिट्टी वाजवून त्यांना उठवावं लागलं. सामना गेलाच. सातही सामने गेले, तक्त्यात नाव सगळ्यात खाली.

पोरी पाण्याच्या टाकीकडं पळाल्या. तेवढ्यात पाहुण्या संघाच्या प्रशिक्षक बाई वही घेऊन हेमलताकडं आल्या. "तुमची गोलकीपर कोण? जिल्ह्याच्या निवडीसाठी नाव द्यायचंय मला."

ओरडून ओरडून हेमलताचा घसा पार बसला होता. तरी तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पल्लवी मंगळ्या वाघमारे. दुसरं वर्ष, कला शाखा." मग शेजारी उभ्या फुलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि ही तिची आई."