हातमोज्यांआधीचा डाव

ओपल स्ट्रिकलंड माझी शेजारीण. उड्डाणतळाजवळच्या टायटसव्हिलला नदीकाठी आमच्या दोन घरांत एकच कुंपण. मी जन्मभर नाटकात तोंड रंगवलं. तिनं एकतीस वर्षं अंतराळवीरांना पोशाख चढवले. म्हणून मी तिला आपल्याच कंपनीची समजते. पडदा उघडण्याआधी आमच्या रंगपटात काय चालतं, ते मला ठाऊक. त्यांच्या रंगपटात काय चालतं? विचारून विचारून थकले. "ते तिथलं तिथं," एवढंच उत्तर.

परवा तिच्या नोकरीतलं शेवटचं उड्डाण झालं. चौघं सहा महिन्यांसाठी अंतराळ स्थानकावर निघाली. भर दुपारी यान ढगात शिरलं, आणि संध्याकाळी ओपल संत्र्याचा केक घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली.

"आता निवृत्त झालीस. बोल."

"पत्ते खेळतात," ती खुर्चीत कोसळली.

"काहीतरीच!"

"अगं, रीतच आहे. कमांडर एक डाव हरल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. वाईट नशीब तिथंच टाकून जायचं. पण मुद्दाम हरलेलं चालत नाही."

आणि कमांडर ग्वेन होलकोम हरेचना! सलग सात डाव जिंकली. समोर ओपल, पत्त्यांत अगदीच ढ. बाहेर गाडी उभी, हातात नऊ मिनिटं.

"ओपल, जरा नीट खेळ की गं!"

"तूच पोरी इतकी नशीबवान कशाला झालीस?"

बाकीची तिघं हसली. "मी अशी नाही निघणार," ग्वेन हळूच म्हणाली.

हातमोजे नेहमी डावानंतर चढतात. मोजा पोशाखाला जोडणारं मनगटाचं कडं बसलं की बोटं लाकडासारखी होतात. ओपलनं घड्याळ पाहिलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा क्रम मोडला.

"हात पुढे कर. मोजे चढवते. खेळ थांबवायचा नाही."

दोन्ही कडी खटकन बसली. ओपलनं ती तपासली आणि पाच-पाच पानं वाटली. ग्वेन ती पंख्यासारखी उघडायला गेली, तर पाचही सुळकन निसटून ओपलच्या मांडीवर उताणी पडली. त्यांत तीन राजे!

"पानं उघडी पडली!" मागून कुणीतरी ओरडलं. "डाव गेला!"

ग्वेन इतकी हसली, की ओपलला तिच्या गळ्याचं कडं पुन्हा तपासावं लागलं.

"खरं सांग," मी विचारलं, "निसटणार हे तुला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं मोजे चढवतेय, बाई."

"मग ते मुद्दामच झालं की!"

"मुद्दाम हरायचं नाही, ही अट तिला." ओपलनं केकचा मोठा तुकडा कापला. "मुद्दाम जिंकू नकोस, असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं."