चादरीतली वीतभर फट

सोलापूरहून वैरागला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या माणसाच्या मांडीवर नवीकोरी चादर होती. नक्षीतून वीतभर उभी फट गेलेली. मला राहवेना. "फसवलं की हो तुम्हाला. इथं धागा तुटलाय."

तो खुदकन हसला. "मीच इणलीय. आशियाई स्पर्धेत आपल्या पोरींची कबड्डीची फायनल चालली होती मोबाईलवर. मागावर लक्ष कुटं राहतंय?" मग फटीवरून सावकाश बोट फिरवू लागला. "हितं धागा तुटला, तेव्हा आपण दोन गुणांनी मागं होतो. हितं पकड झाली. हितं जिंकलो, आन् मग धागा जोडला."

मालकानं बाद केलेली ती चादर त्यानं हट्टानं मागून घेतली होती.

उतरताना त्यानं तिची घडी घातली, फट बरोबर वर येईल अशी.