ओरखड्यांची भिंत

ट्रान्सपोर्टच्या आवारातली मागची भिंत पाहून मी थबकलोच. तिच्यावर पिवळे, लाल, निळे ओरखडे होते आणि एका कोपऱ्यातून तर विटाच बाहेर डोकावत होत्या. भाचा विकी नुकताच ट्रक ड्रायव्हर झालेला. पहिली नोकरी कुठे धरायची हे ठरवायला तो मला घेऊन निघाला होता आणि मीही इस्त्रीचा शर्ट घालून वकिलाचा चेहरा केला होता.

इथे येण्याआधी ज्या मालकाला भेटलो, त्याच्याकडे गाड्या कोऱ्या, भिंती पांढऱ्याशुभ्र. "गाडीला ओरखडा दिसला, की दुसऱ्या दिवशी यायचं नाही," तो हसत म्हणाला होता. ट्रक मागे घेताना विकीची अजून तारांबळ उडते. त्याला तिथेच घाम फुटला.

इथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी भिंतीबद्दल विचारलं.

"तो निळा ओरखडा माझा," ते म्हणाले. "गाडी मागे घ्यायला इथंच शिकलो. वरचा लाल मालकांचा."

मालक शेजारीच चहा पीत होते. "विटा निघाल्यात ना, त्यापण माझ्याच," ते म्हणाले.

माणूस चुकणार, हे धरून चालणाऱ्या जागा किती थोड्या असतात. माझ्या पहिल्या साहेबाकडे अशी एखादी भिंत असती, तर मी दोन वर्षं खिशात खोडरबर लपवून फिरलो नसतो.

"कधीपासून येऊ?" विकीनं विचारलं.

"उद्यापासून. आठवडाभर या भिंतीपाशीच."

सकाळपासून उपाशी असलेल्या विकीनं बाहेर येताच तीन वडापाव खाल्ले. चौथा मी खाल्ला, कारण जीव माझाही भांड्यात पडला होता.